अंबरनाथच्या सभामंडपाचं छत जवळून टिपताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात सभामंडपाच्या घुमटाकार छताचे फोटो काढलेत. १६ मिमीच्या लेन्सने छत अख्खं आलं, पण त्यावरचं कोरीव काम ओळखू येईना. फ्लॅश मारला तर सगळं चपटं, न मारला तर काळं आणि हललेलं. आता घडीची शिडी न्यावी, मोठा फ्लॅश घ्यावा, की हप्त्यांवर ७०-२०० मिमीची लांब लेन्स घ्यावी, असे तीन विचार डोक्यात घोळतायत. शिवाय मोबाइलवर फोटो काढणाऱ्या मित्राने काय करावं, आणि फोटो रंगीत ठेवावा की कृष्णधवल, हेही विचारलंय.

शिडी आत्ताच डोक्यातून काढा. संरक्षित वास्तूत शिडी घेऊन कुणी शिरू देणार नाही, आणि छताच्या दोन हात जवळ पोचून फारसं काही हाती लागतही नाही. का, ते पुढे सांगते. फ्लॅश लहान असो वा मोठा, कॅमेऱ्यावर बसवला की त्याचा उजेड लेन्सच्याच दिशेने जातो. सावल्या दगडाच्या पाठीमागे लपतात आणि कोरीव काम पुसल्यासारखं दिसतं. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय. लेन्सचं शेवटी बोलू. अंतराची अडचण सुटण्यासारखी आहे, पण उजेड कुठून येतोय हे न बघता काढलेला फोटो कुठल्याच लेन्सने सुधारत नाही.

हे छत कसं रचलंय ते आधी समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. विजापूरच्या गोलघुमटासारखा हा घुमट नव्हे. तिथे अर्धगोल सलग आहे आणि त्याचा रेटा बाहेरच्या बाजूला जातो. आपल्याकडच्या जुन्या देवळांतल्या छताची रीत वेगळी. खांबांवर तुळया टाकायच्या, चौकोनाचे कोपरे आडव्या दगडांनी कापत आकार गोलाईकडे न्यायचा, आणि मग दगडांचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत वर चढवायचा. प्रत्येक थर आडवाच बसतो. वजन सरळ खाली खांबांवर उतरतं. शेवटी उरलेलं लहानसं भोक एका दगडाने झाकायचं. शिल्पशास्त्रात छताला वितान म्हणतात, आणि त्याचे समतल, क्षिप्त, उत्क्षिप्त असे प्रकार सांगितलेत. आपल्याला इतकंच पुरे की आतून बघताना हा गोल फिरवून उलटा टांगलेला जिना आहे. प्रत्येक पायरीचा तळ तुमच्याकडे बघतोय आणि कड मंडपाच्या मध्याकडे.

गिलाव्याच्या गुळगुळीत घुमटाचा फोटो आणि या छताचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी का, ते यातून कळेल. मुंबईत फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मधल्या दालनात उभं राहून वर बघा. उजेड त्या गोलाईवरून अलगद उतरत जातो, एकच वाइड फोटो पुरतो. अंबरनाथला प्रत्येक थर आपली सावली आपल्याच वरच्या थरावर टाकतो. सगळ्या थरांना एकाच वेळी चांगला उजेड मिळणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून अख्ख्या छताचा एक फोटो नकाशा म्हणून काढून ठेवा आणि खरं काम थराथराने करा.

आता उजेड. देऊळ साधारण पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंना मुखमंडप, म्हणजे दारापुढच्या ओसऱ्या आहेत, पूर्वेला पायऱ्या उतरून गाभारा. म्हणजे दिवसा उजेडाचे झरे तीन, आणि तिन्ही खालच्या पातळीवर. वरून छताला काहीच मिळत नाही. छतापर्यंत पोचणारा उजेड आधी फरशीवर पडतो आणि तिथून उडून वर जातो. ती फरशी, आजूबाजूचे खांब, छत, सगळं काळं बेसॉल्ट, त्यावर शतकांची तेलधुराची पुटं. उजेड गिळण्यात हा दगड पटाईत आहे. तरी जो थोडा वर पोचतो तो तिरका असतो, आणि तिरका उजेड म्हणजे कोरीव कामाचा जीव.

ऊन किती आत येईल याचा हिशेब घरबसल्या करता येतो. मुखमंडपाच्या मोकळ्या भागाची उंची २ मीटर धरली आणि सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असला, तर ऊन जेमतेम २ मीटर आत शिरतं. तोच सूर्य २० अंशांवर उतरला की साडेपाच मीटर. त्यामुळे दुपारी बारा वाजता कडक ऊन असूनही मंडप अंधारा आणि पाच वाजता बाहेरचं ऊन मऊ पडलं तरी आत उजळ, असा उलटा प्रकार होतो. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, तेव्हा संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या मुखमंडपातून सरळ आत येतं. डिसेंबरात तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे मावळतो, म्हणून तेव्हा ऊन तिरपं येऊन मंडपाच्या उत्तरेकडच्या खांबांवर पडतं. भर मे महिन्यात मात्र जाऊ नका. आपल्याकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, आणि मुखमंडपातून आत काही येतच नाही. शेवटच्या अर्ध्या तासावरही भिस्त ठेवू नका. झाडं आहेत, अंबरनाथ आता चांगलं वाढलेलं शहर आहे, खालचं ऊन अडतं.

माझ्या मते सगळ्यांत फायद्याचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे जेमतेम ४७ अंश चढतो आणि दक्षिणेला कललेला असतो. ऊन दक्षिण मुखमंडपाच्या फरशीवर पडून राहतं आणि तिथून उडालेला उजेड बराचसा आडवा होऊन मंडपात शिरतो. छताच्या थरांवर तो घासत जातो. हेच आपल्याला हवं.

आणि इथे एक स्वस्तातली युक्ती. जिथे ऊन पडलंय तिथे पांढरी सुती चादर अंथरा. काळ्या फरशीच्या तुलनेत चादर कितीतरी पट उजेड परत फेकते. शटरचा वेळ निम्म्याहून खाली आलेला तुम्हाला लगेच दिसेल. यात दिवा नाही, वायर नाही, स्टँड नाही. चादर दक्षिणेला अंथरली तर एक सावली, पश्चिमेला अंथरली तर दुसरी. अर्थात आधी विचारून, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट सोडून, आणि कुणी दर्शनाला आलं की लगेच गोळा करून. चादर पांढरीच हवी. गर्दीच्या दिवशी फरशीवरून उडणाऱ्या उजेडात साड्यांचे रंग मिसळतात आणि छत एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने हिरवट येतं. घरी बसून तो रंग काढताना घाम फुटतो.

उजेड तिरका असला तरी छतावरची प्रत्येक आकृती सारखी उजळत नाही. समजा उजेड दक्षिणेकडून येतोय. मग छताच्या उत्तरेकडच्या आकृतींवर तो समोरून पडतो, त्या उजळ पण चपट्या दिसतात. छताच्या दक्षिणेकडच्या आकृती जवळजवळ अंधारात. पूर्व आणि पश्चिम बाजूच्या आकृतींवर मात्र तो आडवा जातो, नाक, खांदा, हातातलं वाद्य, सगळं सुटं होतं. म्हणून उजेडाच्या दारापासून काटकोनात असलेल्या बाजू आधी घ्या. दार बदललं की बाजू बदला. दुपारी दक्षिणेचा उजेड असताना पूर्व-पश्चिम, संध्याकाळी पश्चिमेचा आला की उत्तर-दक्षिण. एवढं एक पथ्य पाळलंत तरी तुमचे फोटो ओळखू न येण्याइतके बदलतील.

याला जोडूनच एक गंमत आहे, ती फार थोडे जण सांगतात. आपल्या डोळ्याला उजेड वरून येतो असं गृहीत धरायची सवय असते. छतावर तो खालून येतो. तो फोटो पडद्यावर बघताना कधीकधी उठाव खोलगट दिसायला लागतो आणि खोबणी फुगलेली. कमळाच्या पाकळ्यांत हे हमखास होतं. उपाय सोपा: छताच्या फोटोला वर-खाली नसतं, तेव्हा तो फिरवा आणि उजळ कड वरच्या बाजूला येईल असा ठेवा. पाकळ्या पुन्हा बाहेर येतात. माणसांच्या आकृती असल्या तर असं उलटं करता येत नाही, गंधर्व डोक्यावर उभे राहतील. तिथे वर सांगितल्याप्रमाणे आडव्या उजेडाचीच वाट बघायची.

तिरक्या उजेडाचं महत्त्व पटत नसेल तर याच देवळातला शिलालेख बघा. उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूला तो आहे. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींनी ९८२ वाचला, म्हणजे इ. स. १०६०, आणि देऊळ एका फटक्यात दोनशे वर्षांनी तरुण झालं. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं बांधकाम म्हणून आज आपण जे सांगतो ते या दुसऱ्या वाचनावर. झिजलेल्या दगडावरचा एकच आकडा. झिजलेली अक्षरं असोत की छतावरची नक्षी, समोरून उजेड टाकून बघणं आणि बाजूने टाकून बघणं यात इतका फरक पडू शकतो, म्हणून लेख वाचणारे लोक आजही दिवा आडवा धरतात. पीठ, खडू, तेल किंवा पाणी लावून कोरीव काम उठावदार करायची कल्पना तुम्हाला कुणी सुचवली, तर त्या माणसाबरोबर पुन्हा जाऊ नका.

परवानगीचं थोडक्यात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्वतःपुरते फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड, दिवे, किंवा विकण्यासाठीचं काम असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे अर्ज करावा लागतो. त्यांचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. अर्जात दिवस, वेळ, सामान आणि हेतू स्पष्ट लिहा. १८६८ साली जे. जे. कलाशाळेची मंडळी या देवळाची रेखाटनं आणि साचे करायला गेली होती, पण त्यांना सरकारनेच धाडलं होतं. आपण लोकलचं तिकीट काढून जाणारे, आपल्याला कागद लागतो.

आणि हे नांदतं देऊळ आहे, हे विसरू नका. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला कॅमेरा बाहेर काढायची जागाही मिळणार नाही. गाभाऱ्यात फोटो नको. मंडपात आडवं पडून वर फोटो काढणार असाल, आणि पडावं लागेलच, तर पाय गाभाऱ्याकडे करू नका. डोकं तिकडे, पाय पश्चिमेच्या दाराकडे. एवढी काळजी घेतलीत की पुजारी काकाच भाविकांना सांगतात, जरा बाजूने जा, फोटो चाललाय. आडव्या वेळी जावं, सकाळची पूजा आटोपल्यावर किंवा दुपारच्या सुमारास. अभिषेकाचं पाणी फरशीवर आलेलं असतं, पाठीखाली जाड सतरंजी लागते.

आता कॅमेरा कुठे आणि कसा ठेवायचा. नकाशाचा फोटो म्हणजे अख्खं छत बरोबर मध्यातून. मध्य शोधायला फरशीवर खुणा करू नका. चार मोकळे खांब आहेत, त्यांचे माथे फोटोच्या चार कोपऱ्यांत सारखे आले पाहिजेत. एक खांब जास्त आत दिसला तर उलट दिशेला इंचभर सरका. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा चालू ठेवा. लेन्स बरोबर आकाशाकडे आहे का हे बघायला गवंड्याची छोटी पाणसळ न्या आणि लेन्सच्या पुढच्या कडेवर आळीपाळीने दोन दिशांनी ठेवून बघा. कॅमेऱ्यातली पातळी दाखवणारी सोय कॅमेरा थेट वर रोखला की बऱ्याचदा गोंधळते, साधी पाणसळ गोंधळत नाही. कॅमेरा ठेवायला तांदळाची घट्ट शिवलेली पिशवी उत्तम. पिशवी म्हणजे स्टँड नव्हे, पण तरी आधी रखवालदाराला दाखवा. नंतर हटकलं जाण्यापेक्षा ते बरं.

या फोटोला २४ मिमी पुरते. तुमची १६ मिमी इथे घात करते, कारण कडेचे थर ताणले जातात आणि कॅमेरा जरासा कलला तरी वर्तुळाचं अंडं होतं. छताचा एखादा थर तुमच्यापासून ५ मीटरवर आहे असं धरू. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिमीने तिथे साडेसात मीटर लांब आणि पाच मीटर रुंद भाग मावतो. ८५ मिमीने साधारण दोन मीटर लांबीचा. २०० मिमीने ९० सेंटीमीटर, म्हणजे एखाद-दोन आकृती. जवळून हवं म्हणजे एवढंच हवं ना? मग शिडी कशाला? शिडीवर चढून वाइड लेन्सने काढलेली आकृती नाकाशी मोठी आणि पायाशी लहान येते. खाली पडून लांब लेन्सने काढलेली आकृती प्रमाणात येते. शिल्पींनी ती खालून बघण्यासाठीच घडवलीय.

लांब लेन्सची एक कटकट सांगून ठेवते. ५ मीटरवर ८५ मिमी, एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा) ठेवलं तर सुमारे पावणेदोन मीटर खोलीपर्यंत सगळं रेखीव येतं, तीन-चार थर आरामात. तोच एफ/८ २०० मिमीवर जेमतेम ३० सेंटीमीटर देतो. आकृतीच्या नाकावर फोकस केला तर मागची नक्षी धूसर. उपाय म्हणून एफ/१६ वर जाऊ नका, फोटो एकंदरीत मऊ पडतो आणि शटरचा वेळ चौपट होतो. त्यापेक्षा फोकस थोडाथोडा सरकवत चार-पाच फोटो घ्या आणि घरी जोडा. कॅमेरा पिशवीवर निश्चल असेल तर जोड दिसत नाही. मला विचाराल तर या देवळासाठी ८५ मिमी ही सगळ्यांत शहाणी लेन्स आहे आणि २०० फक्त मधल्या कमळापुरती.

थर जोडून पूर्ण वर्तुळ करायचं असेल तर मध्यातच राहून कॅमेरा थोडाथोडा फिरवत दहा-बारा फोटो घ्या. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा तरी सामाईक असू द्या. उजेड, फोकस, रंग, सगळं हाताने ठरवून कुलूपबंद. आपोआपवर ठेवलंत तर उजळ बाजू आणि काळी बाजू कॅमेरा एकसारखी करून टाकतो, आणि ज्या सावलीसाठी थांबलात तीच जाते.

किती उजेड द्यायचा? आत साधारण आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ आणि ८ ते १५ सेकंद या आसपास गणित बसतं, ऋतू आणि वेळ बघून कमी-जास्त. तोच उजेड हातात धरून पकडायचा तर आयएसओ ३२००, एफ/४ आणि १/१३ सेकंद. २४ मिमीवर पाठ टेकून, श्वास सोडून हे जमतं. २०० मिमीवर नाही. पिशवीवर असताना लेन्समधली कंप थोपवणारी सोय बंद करा, बटण हाताने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळ्या दगडाला राखाडी करायला बघतो. जेपेग काढत असाल तर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्या. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर उलट थोडा जास्तच द्या, फक्त मुखमंडपाचा उजळ भाग जळत नाही ना हे हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर बघा, आणि काळेपणा घरी परत आणा. असं केलं की सावल्यांतला दाणेदारपणा (नॉइज) कमी दिसतो. चौकटीत दाराचा उजेड येतच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घ्या. पण थरांच्या फोटोत दार येऊच देऊ नका, ते सोपं.

आत ट्यूब किंवा एलईडी चालू असेल तर दोन भानगडी होतात. दिव्याचा रंग एक आणि दाराचा दुसरा, ते फोटोत वेगळे दिसतात. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा वेगवान शटर ठेवलं, विशेषतः आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, तर फोटोवर आडवे पट्टे येतात. लांब शटरला ही भीती नाही. दिवा दहा मिनिटं बंद करता येईल का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. नाही म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा. रंग ठीक करायला राखाडी कार्ड एकदा त्याच उजेडात धरून फोटो काढून ठेवा. तेलाने चकाकणाऱ्या जागी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, कामाला येतो, पण तो दीड स्टॉप उजेड खातो, त्यामुळे सगळीकडे चढवून ठेवू नका.

मोबाइलवाल्यांसाठीही दोन शब्द, कारण तुम्ही मित्राबद्दल विचारलंय. ०.५ची रुंद लेन्स अंधारात कुचकामी, १ वरच राहा. मोबाइल घडी केलेल्या रुमालावर मागचा कॅमेरा वर करून पालथा ठेवायचा, नाइट मोड, दहा सेकंदांचा टायमर, आणि बाजूला व्हायचं. वाकून बघत राहिलात तर छताच्या मध्यभागी तुमचं डोकं येतं. झूम तीनच्या पुढे नेऊ नका.

आता जाताना. तुम्ही दादरहून एसी लोकलने जाणार असाल तर कॅमेऱ्याची बॅग मंदिरात पोचल्यावर अर्धा तास उघडू नका. थंड काचेवर अंबरनाथची दमट हवा लागली की लेन्सला आतून-बाहेरून धुकं धरतं, आणि पुसून ते जात नाही. साध्या लोकलने गेलात तर हा प्रश्नच नाही, गर्दीचा आहे. स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा घ्या. पावसाळ्यात वालधुनी नदीच्या काठचा तो परिसर सुंदर दिसतो, बाहेरच्या भिंतींसाठी जरूर जा, पण छतासाठी नको. ओला दगड आणखी काळा होतो आणि ढगाळ उजेड तिन्ही दारांतून सारखाच येतो. सावलीला दिशाच राहत नाही.

फोटो रंगीत ठेवावा की कृष्णधवल, हेही विचारलंत. बेसॉल्टला स्वतःचा रंग जवळजवळ नाही, आणि दिव्यांचा भेसळ रंग काढून टाकायची कृष्णधवल ही सोपी पळवाट आहे. पळवाट असली तरी मी ती बऱ्याचदा घेते. फक्त कॉन्ट्रास्टचा कान फार पिळू नका. सावलीतली नक्षी काळ्या डागात बुडवून नाट्यमय छत करणं सोपं आहे, पण मग ते कुठल्याही देवळाचं छत होतं.

राहिली लेन्स. ७०-२०० विकत घेऊ नका. फोर्टात बोरा बाजारला जाऊन ८५ मिमी एफ/१.८ची वापरलेली बघा, कुठल्याही कंपनीची चालेल. आपल्याला ती एफ/८ वरच वापरायचीय, तिथे स्वस्त आणि महाग लेन्समधला फरक शोधूनही सापडत नाही. काचेवर बुरशीचे धागे नाहीत ना, हे टॉर्च लावून बघा, मुंबईच्या हवेत तो रोग घरोघरी आहे. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ५० मिमीच पुरेशी, ती तिथे ७५-८० मिमीसारखी वागते आणि बहुधा तुमच्याकडे असेलच. मधल्या कमळासाठी २०० हवीच असं वाटलं तर एक दिवस भाड्याने घ्या, तीही डिसेंबरातली एक मोकळी दुपार हेरून. उरलेल्या पैशांत पाणसळ, तांदळाची पिशवी, चादर आणि सतरंजी येऊन वर रिक्षाचं भाडंही सुटेल.